पॅच टाकण्याआधी सर्व्हर एकदा नुसता रीस्टार्ट करा

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांना यूपीआयने पैसे पाठवता येईनात, एटीएममधून काढता येईनात. त्यातल्या बहुतेक बँका सहकारी किंवा ग्रामीण. त्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता आणि तो पसरू नये म्हणून देशातल्या पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं होतं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने नंतर अहवालात हल्ल्याची वाट दाखवली ती अशी : एका पुरवठादाराकडचा जेनकिन्स सर्व्हर, त्याची चुकीची मांडणी आणि त्यात तशीच राहिलेली एक जाहीर झालेली त्रुटी. त्या त्रुटीवरचा पॅच जेनकिन्सने जानेवारी २०२४ मध्येच दिला होता.

पॅच सहा-सहा महिने पडून राहतो तो दर वेळी आळसामुळे नाही. बहुतेक ठिकाणी खरं कारण भीती असतं. मागच्या वेळी रात्री अपडेट मारलं, सकाळी सॉफ्टवेअर उघडेना, दूध संस्थेत दूध घेऊन आलेले लोक केंद्रावर ताटकळले, चेअरमनचा फोन आला. त्या दिवसापासून संस्थेत न लिहिलेला नियम होऊन बसतो, की चालतंय तर हात लावायचा नाही. मग आत शिरणाऱ्याला लागतो तेवढा वेळ आपणच देतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशा सर्व्हरची संख्या दिसते त्यापेक्षा जास्त आहे. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा इथल्या पतसंस्था, गावोगावच्या दूध संस्था, नारायणगावच्या टोमॅटो उपबाजारातले आडते, शेतकरी उत्पादक कंपन्या, शाळा, दवाखाने. जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाल्यानंतर कृषी पर्यटन केंद्रांची ऑनलाइन बुकिंगही त्यात आली. विकास सोसायट्यांचं वेगळं आहे. त्यांचं संगणकीकरण केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून होतंय, सॉफ्टवेअर देशभर एकच आहे आणि त्याचे पॅच गावातल्या सचिवाच्या हातात नाहीत. बाकीच्यांचा सर्व्हर मात्र मुंबईच्या किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेलं एक छोटं मशिन असतं आणि ते सांभाळणारा माणूस एकटा असतो. तो दिवसा प्रिंटरही दुरुस्त करतो. हा लेख त्या माणसासाठी आहे.

पॅचने बिघडले असं ज्या सर्व्हरबद्दल म्हणतात, त्यातले बरेच आधीच बिघडलेले असतात. वर्ष-दीड वर्ष ते बंदच झालेले नसतात, म्हणून बिघाड दिसत नाही. पॅचनंतर रीस्टार्ट होतो आणि सगळं एकदम बाहेर पडतं. पॅच कधीच दोषी नसतो असं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. पण दोष पॅचचा की आपल्या सर्व्हरचा, हे ओळखायचं तर पॅचच्या आधीची सर्व्हरची अवस्था लिहून ठेवलेली पाहिजे. एक साधी वही किंवा फाइल पुरते. तारीख, वेळ, काय पाहिलं, काय आढळलं. काय पाहायचं ते पुढे क्रमाने.

पहिला प्रश्न : आत जाता येतं का?

रोज आपण एसएसएचने किंवा रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर जातो. पॅचनंतर नेमकी तीच वाट बंद झाली तर? त्यासाठी क्लाउड कंपनीच्या पॅनेलमध्ये शिरता आलं पाहिजे, तिथून कन्सोल उघडता आला पाहिजे आणि अगदीच वेळ आली तर डिस्क सोडवून दुसऱ्या मशिनला जोडता आली पाहिजे. क्राउडस्ट्राइकच्या वेळी क्लाउडवरचे कितीतरी सर्व्हर असेच उठवावे लागले. डिस्क दुसऱ्या मशिनला लावायची, सदोष फाइल काढायची, डिस्क परत जागेवर.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. सर्व्हर उभा करून देणारा मुलगा आता हिंजवडीला नोकरी करतो. मुख्य खातं त्याच्या ईमेलवर आहे आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. एरवी याने काही अडत नाही, पण रात्री साडेअकराला अडतं. म्हणून पॅचचा विचार करण्याआधी पॅनेलमध्ये स्वतः लॉगिन करून बघा. खातं संस्थेच्या ईमेलवर आणा, ओटीपीचा नंबर संस्थेचा ठेवा. कन्सोल एकदा खरोखर उघडून पाहा आणि त्यावर चालेल असा पासवर्ड आहे याची खात्री करा. फक्त किल्लीच्या फाइलवर चालणाऱ्या सर्व्हरला बहुधा कुठल्याच वापरकर्त्याचा पासवर्ड नसतो. कन्सोल उघडतो, पण त्यात टाकायला काही नसतं.

पॅनेलमध्ये गेलातच आहात तर तिथली मशिनची तब्येत दाखवणारी पानंही पाहा. क्लाउड कंपनी कधी कधी आपल्या मशिनखालचं हार्डवेअर बदलणार असते आणि तशी नोटीस तिथे लागलेली असते. त्याच रात्री आपण पॅच टाकायला बसलो तर काय कशामुळे झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरा : आत आधीच कुणी आहे का?

ही तपासणी रीस्टार्टच्या आधीच करायची, कारण मेमरीतले पुरावे रीस्टार्टने जातात. शेवटचे लॉगिन पाहा. वेळ आणि आयपी पत्ते ओळखीचे आहेत का? एसएसएचच्या परवानगी दिलेल्या किल्ल्यांची फाइल उघडा आणि प्रत्येक ओळ कुणाची आहे हे सांगता येतं का बघा. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, एखादी अनोळखी ओळ दर काही मिनिटांनी बाहेरून फाइल उतरवत असेल तर मामला गंभीर आहे. आपल्याकडच्या छोट्या सर्व्हरवर बरेचदा सापडतो तो क्रिप्टो मायनर, म्हणजे आपल्या मशिनवर चोरून आभासी चलन तयार करणारा प्रोग्राम. तो डेटा चोरतोच असं नाही, पण प्रोसेसर शंभर टक्क्यांवर ठेवतो, आणि संस्थेत महिनोन्‌महिने एवढंच बोललं जातं, की सॉफ्टवेअर हल्ली फार स्लो झालंय.

असं काही सापडलं तर पॅच टाकू नका. चोर घरात असताना बाहेरच्या दाराला नवं कुलूप लावण्यासारखं ते होईल, शिवाय पुरावेही पुसले जातील. डिस्कचा स्नॅपशॉट घ्या आणि सर्व्हरचं बाहेरचं नेटवर्क पॅनेलमधून बंद करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायची असते. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायला सांगितलं आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. नंतर नवा सर्व्हर उभा करून त्यावर स्वच्छ बॅकअप चढवायचा. जुन्याला साफ करून वापरण्याचा मोह टाळावा, त्यात नेमकं काय उरलंय हे आपल्याला कळत नाही.

बॅकअप उघडून पाहिला का?

बॅकअप आहे असं सगळेच सांगतात. उघडून पाहिलाय का विचारलं की शांतता पसरते. क्लाउडवर हे पाहणं खरं तर सोपं आणि स्वस्त आहे. स्नॅपशॉटवरून दुसरं मशिन उभं करायचं, त्यावर सॉफ्टवेअर उघडायचं, शेवटची पावती किंवा शेवटची दूध नोंद मूळ सर्व्हरशी जुळते का पाहायचं आणि मशिन काढून टाकायचं. भाडं तासावर असतं, पण काढून टाकायला विसरू नका. एक खबरदारी महत्त्वाची आहे. हे जोड मशिन खरा सर्व्हर समजून एसएमएस पाठवायला लागू शकतं. सभासदांना कालचेच मेसेज पुन्हा गेले तर सकाळी तोंड देणं कठीण होईल. म्हणून त्याचा बाहेर जाण्याचा मार्ग आधी बंद करा आणि मगच सॉफ्टवेअर चालू करा.

चालू डेटाबेसचा नुसता स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे राहील ते. बहुतेक वेळा डेटाबेस त्यातून सावरतो, पण नेहमीच सावरेल या भरवशावर राहू नका. डेटाबेसचा वेगळा डंपही घ्या आणि तो सर्व्हरच्या बाहेर ठेवा.

जागा, मेमरी आणि अर्धवट कामं

लिनक्सवर डीएफ ही आज्ञा दिली की डिस्कच्या प्रत्येक भागात किती जागा उरली ते दिसतं. मुख्य भागात भरपूर जागा दिसली म्हणून थांबू नका, बूट नावाच्या भागाची ओळ शोधा. तो भाग वेगळा केलेला असेल तर लहान असतो, आणि प्रत्येक कर्नल अपडेट त्यात नवीन फाइली टाकतं. जुनी कर्नल काढलेली नसतील तर तो भरतो, मग नवं कर्नल अर्धवट लिहिलं जातं आणि पुढच्या रीस्टार्टला मशिन उभंच राहत नाही. जुनी कर्नल पॅकेज मॅनेजरकरवीच काढायची, फाइली हाताने उडवायच्या नाहीत. सध्या चालू असलेलं आणि त्याच्या मागचं एक ठेवायचं.

डीएफलाच आय हा पर्याय देऊन पुन्हा चालवा. आता जागेऐवजी फाइलींच्या संख्येची मर्यादा दिसते. पीएचपीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सेशनच्या लाखो बारीक फाइली साठतात. जागा अर्धी रिकामी असते आणि तरीही ‘जागा नाही’ असा संदेश येतो.

मेमरीकडेही तसंच बघा. १ जीबीच्या मशिनवर अपडेटची प्रक्रियाच इतकी मेमरी मागते, की कर्नल कुणाला तरी मारून टाकतं. मरणारा बहुधा डेटाबेस असतो, कारण सगळ्यात जास्त मेमरी त्यानेच धरलेली असते. असं पूर्वी घडलंय का हे कर्नलच्या संदेशांत ‘आउट ऑफ मेमरी’ शोधलं की कळतं. घडलं असेल तर आधी स्वॅप फाइल वाढवा, किंवा त्या रात्रीपुरतं मशिन मोठं करा. मशिन मोठं करताना बहुतेक ठिकाणी ते पूर्ण बंद करून चालू करावं लागतं, आणि यात अनेकजण फसतात. रीस्टार्टमध्ये सार्वजनिक आयपी पत्ता तोच राहतो, पण ॲमेझॉनसारख्या क्लाउडवर स्थिर पत्ता घेतलेला नसेल तर बंद करून चालू केल्यावर तो बदलतो. गावोगावच्या केंद्रांवरच्या संगणकांत जुना पत्ता भरलेला असला, तर सर्व्हर ठणठणीत असूनही कुणालाच पोचता येत नाही.

मग पॅकेज मॅनेजरला विचारा, मागचं काही अर्धवट राहिलंय का. उबंटूवर डीपीकेजीची तपासणी, रेड हॅटच्या घराण्यात डीएनएफची. अर्धवट पॅकेज सापडलं तर ते आधी निस्तरायचं. बंद पडलेल्या सेवांची यादी सिस्टमसीटीएलकडून घ्यायची आणि वहीत उतरवायची. पॅचनंतर तीच यादी पुन्हा घेतली की नवीन काय बिघडलं ते लगेच दिसेल.

नुसता रीस्टार्ट

इथवर सगळं ठीक असेल तर पॅच न टाकता सर्व्हर रीस्टार्ट करा. शक्यतो पॅचच्या आदल्या रात्री. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते सबंध तपासणीतलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

अपटाइम ४०० दिवस दाखवणाऱ्या सर्व्हरचा लोकांना अभिमान वाटतो. त्याचा अर्थ इतकाच, की या ४०० दिवसांत हाताने केलेले सगळे बदल एकदाही तपासले गेलेले नाहीत. कुणीतरी टॉमकॅट हाताने सुरू केला होता, सेवा म्हणून नोंदवलाच नाही. फायरवॉलचा नियम चालू मशिनवर टाकला, जतन केला नाही. जास्तीची डिस्क जोडली, पण एफएसटॅब फाइलमध्ये तिची ओळख चुकीची लिहिली. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. मशिन सुरू होताना ती डिस्क शोधत बसतं, सापडली नाही की आपत्कालीन स्थितीत जाऊन थांबतं, आणि मग पहिल्या प्रश्नातला कन्सोलचा पासवर्ड लागतो. हे सगळं पॅचशिवाय उघडं पडलं तर कारण एकच असतं आणि ते शोधणं सोपं जातं. पॅचसोबत पडलं तर शंभर पॅकेजांवर संशय घ्यावा लागतो.

रीस्टार्टनंतर सर्व्हर वर आला एवढ्याने समाधान मानू नका. कामाच्या माणसासारखं सॉफ्टवेअर वापरून पाहा. एक दूध नोंद करा, एक पावती छापा. पावती छापताना ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रद्धा’, ‘कृष्णा’ असं जोडाक्षरांचं नाव असलेला सभासद निवडा आणि तो कागद पॅचनंतर ताडून पाहण्यासाठी वहीत लावून ठेवा. जुन्या मायएसक्यूएलमध्ये अक्षरसंच लॅटिन-१ गृहीत धरलेला असायचा, आठव्या आवृत्तीपासून तो युनिकोडचा झाला. जुन्या मांडणीत कसंबसं साठवलेलं मराठी अशा मोठ्या उडीनंतर प्रश्नचिन्हांत किंवा भलत्याच चिन्हांत बदललेलं दिसतं. इंग्रजी आकडे नीट असल्यामुळे तपासणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. सभासदाच्या हातात पासबुक पडतं तेव्हा लक्षात येतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सर्व्हरचं किंवा डॉकर कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर असेल तर त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. म्हणजे पाच वाजता घातलेलं दूध कालच्या तारखेला पडतं. कंटेनर नव्याने उभा केला की हाताने केलेली वेळेची मांडणी जाते, म्हणून ती कंटेनरच्या मांडणीच्या फाइलमध्येच लिहून ठेवा. तारखेचा हा घोळ दहा दिवसांचं दूधबिल काढताना उघड होतो, तोवर शेकडो नोंदी चुकलेल्या असतात.

पॅच काय करणार आहे?

पॅकेज मॅनेजरला खोटा सराव करायला सांगता येतो. प्रत्यक्ष काही न बदलता तो यादी देतो. ती वाचायची. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या असतील तर चिंता कमी. पण डेटाबेस किंवा पीएचपी एका आवृत्तीतून पुढच्या मोठ्या आवृत्तीत उडी मारत असेल, किंवा ‘काढून टाकणार’ या शीर्षकाखाली ओळखीचं नाव असेल, तर थांबायचं. बाहेरून जोडलेल्या पॅकेज साठ्यांमुळे असं बरेचदा होतं. जोड मशिनवर आधी हाच पॅच चालवून पाहिला तर उत्तम. आणि यादी रिकामी आली म्हणून खुश होऊ नका. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. अशा सर्व्हरवर नेहमीच्या मार्गाने पॅच येतच नाहीत. तिथे नव्या सर्व्हरवर स्थलांतर हाच उपाय आहे आणि त्याचा खर्च संचालक मंडळापुढे लेखी मांडणं हे तुमचं काम आहे.

पॅचचा दिवस निवडताना गावाचं वेळापत्रक बघा. दूध संस्थेला संध्याकाळचं संकलन संपल्यापासून पहाटेपर्यंतचाच वेळ मिळतो, आणि बिलाच्या दिवसाच्या आदली रात्र त्यातून वगळायची. पतसंस्थेने मार्चअखेर टाळावी. टोमॅटोच्या हंगामात आडत्याकडे रात्री उशिरापर्यंत हिशोबपट्ट्या निघत असतात.

पावसाळ्यात पश्चिम पट्ट्यात मोबाइलची रेंज केव्हा जाईल सांगता येत नाही. डिंभ्याकडे, भीमाशंकरच्या वाटेवर किंवा आदिवासी वाड्यांतून काम करणाऱ्यांनी अपडेट थेट एसएसएचच्या खिडकीत कधीच सुरू करू नये. स्क्रीन किंवा टीमक्समध्ये सुरू करावं. मग जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं आणि रेंज आल्यावर पुन्हा तिथेच जाता येतं. नाहीतर पॅकेज निम्मं बसलेलं असताना प्रक्रिया मरते.

आणि तातडीचा पॅच भर हंगामात आला तर? इंटरनेटवर उघड्या असलेल्या सेवेतली त्रुटी असेल आणि तिचा गैरवापर सुरू झाल्याच्या बातम्या असतील, तर रविवारपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. पण दुपारी गर्दीत सर्व्हर बंद करणंही शक्य नसतं. अशा वेळी पॅनेलमधल्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये ते पोर्ट सगळ्या जगासाठी बंद करून फक्त कार्यालयाच्या आणि केंद्रांच्या आयपी पत्त्यांना मोकळं ठेवा, रीस्टार्ट सोडून वरची तपासणी संध्याकाळपर्यंत उरका आणि रात्री आधी नुसता रीस्टार्ट करून मग पॅच टाका. यासाठी तुमचे पत्ते स्थिर लागतात. गावातल्या ब्रॉडबँडचा पत्ता बहुधा बदलता असतो, तेव्हा स्थिर पत्ता किती रुपयांत मिळतो हे पुरवठादाराला या आठवड्यातच विचारा. परवडत नसेल तर व्हीपीएन बसवून घ्या आणि केंद्रांवरच्या मुलांना ते एकदा जोडून दाखवा.